वेल्डिंगचा ऑक्सिजन आन् मामाचा पाय

वणीकर मित्रहो, आज सकाळी नागपुरात माझ्या मामाचा पाय गुडघ्याखालून कापला. चूक माझी हाये, म्हणून लिहून राह्यलो.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली म्हणून मामा राळेगावच्या वावरात उभी पऱ्हाटी उपटत होता. एक खुंट पायात घुसला. शुगरमुळं पाय बधिर झालेला, त्याले कळलंच नाही. जखम चिघळली तवा डॉक्टर म्हणाले, लगेच नागपूरले न्या.

मी मोबाइलवर ऑक्सिजन चेंबरचा व्हिडिओ पाह्यला होता. माणूस बंद टाकीत झोपते आन् जुनी जखम भरते. मी म्हटलं, "मामा, नागपूर कायले? ऑक्सिजन तर माझ्या वेल्डिंगच्या दुकानात हाये!"

पायाले पॉलिथिनची थैली बांधली आन् त्यात सिलिंडरचा पाइप सोडला. रोज एक घंटा, असे बारा दिवस. मामा खुश होता. काल पाय काळा पडला, तवा नागपूरले आणलं.

आज सर्जननं समजावलं. चेंबरमध्ये अख्खा माणूस दाबाखाली असते. तो ऑक्सिजन श्वासातून घेते, मग तो रक्तातून जखमेपर्यंत जाते. वरून सोडलेला गॅस तिथं पोचत नाही. आन् खरा चेंबरही सगळ्याच जखमांवर चालत नाही. शुगर सांभाळणं, सडलेलं काढणं सुटतच नाही. "बारा दिवस आधी आणलं असतं..." म्हणत ते पुढच्या पेशंटकडं गेले.

दुपारी शुद्धीवर आल्यावर मामानं माझा हात धरला. "काय गा, आपला गॅस कमी पडला का?"

तुम्ही काय सांगितलं असतं? मी फक्त मान हलवली. 'हो' म्हणून.