एका पानाचा अर्ज

मंदी आली त्याच्या पुढच्या वर्षी यांची दुबईतली नोकरी गेली. आम्ही शारजात राहायचो. मुलीला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. कॉलेजनं थोडी मदत देऊ केली होती, पण यांच्या जुन्या पगाराकडे बघून.

"खलास," हे म्हणाले. "आता पुण्यातलं एखादं कॉलेज बघू."

आम्ही दोघं शिकलेली माणसं, पण कॉलेजच्या पत्रातला एकच आकडा आम्ही वाचला होता, सगळ्यात खालचा, आम्ही भरायचा. दिरहममध्ये केला, मग रुपयांत, आणि घाबरून पत्र मिटून ठेवलं.

मुलीनं ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि पेन्सिलनं खुणा करत आम्हाला समजावू लागली. "बाबा, ही ग्रँट. ही परत द्यायची नसते. हे कॅम्पसवरचं काम, ते मी करीन. आणि हे लोन कॉलेजच देणार, माझ्या नावावर."

सतरा वर्षांची पोर!

मग तिनं अर्ज लिहिला. एक पान. बाबांची नोकरी गेली, व्हिसा संपत आलाय, सोबत कंपनीचं पत्र, मदतीचा फेरविचार व्हावा. मी म्हटलं, "अगं, जरा विनवणीच्या सुरात लिही."

"आई, आय ॲम नॉट बेगिंग. मी माहिती देतेय."

कंपनीचं ते पत्र यांनी कुणाला दाखवलं नव्हतं, मलासुद्धा. तिनं हात पुढे केला, तेव्हा मात्र बॅगेतून काढून दिलं.

दहा दिवसांनी संध्याकाळी कॉलेजच्या मदत विभागातल्या बाईंचा फोन आला. ग्रँट बरीच वाढवली होती, लोन तेवढंच. यांचा विश्वासच बसेना. "पण मॅडम, तुम्ही तर आम्हाला कधी पाहिलंही नाही."

"तुमच्या मुलीचा अर्ज वाचला," त्या म्हणाल्या. "आणखी काही विचारायचं राहिलंच नाही."

ती अमेरिकेला गेली, आम्ही सामान बांधून पुण्याला आलो. शिक्षण संपल्यावर सात वर्षं ती स्वतःच्या पगारातून हप्ते भरत होती. यांनी दोनदा पैसे पाठवले, दोन्ही वेळा तिनं परत केले.

शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी, दूध आणलं म्हणून सांगावं तितक्या सहज तिनं मला फोनवर ते सांगितलं. मग म्हणाली, "बाबांना दे ना."

फोन घेताना हे खुर्चीतून उठून उभे राहिले. का, ते मी विचारलं नाही.