बॉम्बचा चमचा

ॲल्युमिनियमचा हलका चमचा हातात आला, की अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ऑफिसमधला तो पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण, आठवतो. इराकचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं. टीममधल्या लाओसच्या बाईंनी चिकट भात आणि गवती चहा घातलेलं चिकन आणलं होतं, वाढायला घरचा चमचाही. सगळा मजला घमघमत होता. "चमचा भलताच हलका आहे," आमचा अमेरिकन मॅनेजर म्हणाला. "तुमच्याच बॉम्बचा आहे. साठ-सत्तरच्या दशकात तुमच्या विमानांनी आमच्यावर टाकलेल्या. आमच्या गावात शेतात पडलेले पत्रे वितळवून चमचे करतात," बाई म्हणाल्या. "कम्युनिस्टांना थांबवायलाच हवं होतं," तो गुरकावला. मला गप्प बसवेना. शाळेत घोकलेलं नागरिकशास्त्र मी बाईंसमोर फाडफाड इंग्रजीत ओकलं: आम्ही बघा, ना अमेरिकेचे ना रशियाचे, तुम्हीही अलिप्त राहायचं होतं. बाईंनी माझ्याकडे किळस आल्यासारखं पाहिलं. "आम्हीही तेच जाहीर केलं होतं. तरी बॉम्ब पडले. तुमचा देश मोठा, म्हणून तुमचं ऐकलं." एवढं बोलून त्यांनी माझ्यासमोरून भात उचलून नेला. मॅनेजरनं खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्याच्याच सहीसाठी अडले होते. आज लाज वाटते, पण मी, अलिप्त देशाचा नागरिक, त्याला हसून थँक यू म्हणालो.