बी विंगच्या पार्किंगमधली कोळशाची खाण

नाशकात कोळशाची खाण आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग पत्ता विचारतात! आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत, बी विंगच्या पार्किंगमध्ये, जुन्या पंपरूममध्ये वानखेडे काकांनी खाणीचं म्युझियम थाटलंय. काका जन्मभर चंद्रपूरकडे जमिनीखालच्या खाणीत राबले, रिटायर होऊन लेकीकडे आले. खाण बंद पडली तेव्हा भंगारात निघालेले टोपीवरचे दिवे, फावडी आणि पितळी बिल्ल्यांचा फळा त्यांनी टेम्पोत घालून आणला. मी त्यांची बिनपगारी गाइड. मग किस्से साठणारच ना हो!

*

खाणीत गॅसची भीती, म्हणून उतरण्याआधी काडेपेटी-लायटरसाठी झडती व्हायची. काका इथेही घेतात. एकदा माझी मैत्रीण सुलू नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या खिशातून निघाला लायटर!

"अहो, तुम्ही तर सिगारेट सोडली होती ना?" सुलू ओरडली.

खाणीत जो स्फोट कधी झाला नाही, तो आमच्या पंपरूममध्ये झाला.

*

काकांना घेऊन आम्ही पांडवलेणीला गेलो. काकांनी सगळ्यांना दारातच थांबवलं. स्वतः आत जाऊन काठीच्या टोकाने छत हळूच ठोकलं आणि कान लावून उभे राहिले. गार्ड धावत आला.

"आजोबा, काय करताय?"

"छत पक्कं हाय का, पाहून रायलो."

"अहो, दोन हजार वर्षं उभं आहे ते!"

"मग तर जास्तच पाहिलं पाहिजे न बाप्पा!"

*

आता बिल्ल्याचं. खाली जाणारा आपला बिल्ला खुंटीवरून काढून नेतो, वर आला की परत अडकवतो. खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून खालीच. म्युझियममध्येही हाच कायदा!

निफाडचे एक द्राक्षबागायतदार बिल्ला खिशात घालून निघून गेले. झालं! काका रोज जेवणाआधी फळ्यासमोरच्या स्टुलावर बसतात, त्या दिवशी तिथून हलेनातच.

"आपला माणूस खाली, अन् आपण वर जेवाचं? काहून?"

मी फोन लावला. "ताई, लय कामं हायेत, कुरिअर करतो," ते म्हणाले. काकांनी फोन हिसकावला. "भाऊ, तुम्ही खाली अडकून हाय. मी उपाशी बसलो."

माणूस गाडी काढून आला, द्राक्षांची पेटी घेऊन. बिल्ला अडकवला आणि म्हणाला, "घ्या, आलो वर! आता जेवा!"

*

आमचे सेक्रेटरी बोरस्ते साहेब मात्र या सगळ्याला वैतागलेले. त्यांना पंपरूममध्ये गाड्यांचे चार्जिंग पॉइंट हवे होते. त्यांनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली. काका भांडले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"सारं न्या," एवढंच म्हणाले, "फळा तेवढा राहू द्या."

रविवारी बोरस्ते मोजमापाला टेप घेऊन आले. काकांनी त्यांनाही बिल्ला घ्यायला लावला. कुरकुरत घेतला, आत गेले, भिंती मोजल्या, बाहेर येऊन बिल्ला अडकवला. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यातली रिकामी खुंटी दिसली.

"काका, एक कमी आहे. कोण घेऊन गेलं?"

"दादाराव. माझा जोडीदार. संगंच उतरलो होतो." काका फळ्याकडेच बघत होते. "छत आलं खाली. तो सापडलाच नाही. खाण बंद केली, तवाबी तो खालीच होता."

काका रोज जेवणाआधी फळ्यासमोर का बसतात, ते मला तेव्हा कळलं.

वरून काकांच्या लेकीने हाक मारली, "बाबा, पान वाढलंय!"

काका हलले नाहीत. बोरस्त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातली, दुसरं स्टूल ओढलं आणि फळ्यासमोर बसले.

"तुम्ही जेवून या काका," ते म्हणाले, "तोवर मी थांबतो दादारावांसाठी."