नात्तो खाल्लेला माणूस

कुमागाई कियोनोने आपल्या नवऱ्याला हिवाळ्यात कधी पाहिले नव्हते. लग्न वसंतात झाले. भाताची कापणी उरकताच तोराकिची गाठोडे बांधून दूर ऐझूला, साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कोठारात कामाला गेला. आणि त्यानंतर दर वर्षी हेच होत राहिले. इवाते प्रांतातल्या त्या गावात बहुतेक घरांची हीच रीत होती. उन्हाळ्यात स्वतःचा भात पिकवायचा आणि हिवाळ्यात दुसऱ्याचा आंबवायचा. चांगली साके कडाक्याच्या थंडीतच होते, म्हणून गावातले पुरुष बर्फ पडायच्या आधी जात आणि बर्फ वितळला की परत येत. मधल्या काळात छपरावरचा बर्फ कोणी लोटायचा, सासूच्या प्रेताला खांदा कोणी द्यायचा, तापाने फणफणलेली मुलगी पाठीशी बांधून दवाखान्यात कोणी न्यायची, याचा विचार करणे हे कोठाराच्या मालकांचे काम नव्हते. त्यांच्या बाटल्यांवर मात्र ‘हिवाळ्याची माया’ अशी सोनेरी अक्षरे छापलेली असत. ही माया कोणाच्या घरातून वजा झाली, ते बाटलीवर छापण्याची पद्धत नाही.

तोराकिची तांदूळ धुणाऱ्या पोऱ्यापासून चढत चढत तोजी, म्हणजे मुख्य कारागीर झाला. गावात त्याला मान होता. त्या मानातला कियोनोचा वाटा असा, की दुकानात तिला आधी बसायला सांगत. कोठारात बायकांनी पाऊल टाकायचे नाही, असा जुना दंडक होता. त्यामुळे जिने तिचा संसार अर्धा खाल्ला, ती वास्तू तिने बाहेरूनसुद्धा पाहिली नव्हती. पुढे मालकाच्या मुलाने शहरात शिकलेला तंत्रज्ञ नेमला आणि तोराकिचीला भिंतीवरचे एक घड्याळ देऊन निरोप दिला. नवरा घरी आला. पण तोवर त्याच्या डोक्यातले एकेक दार बंद होऊ लागले होते.

पहिल्या शरद ऋतूतच ते कळले. कापणी झाली, डोंगरमाथे पांढरे झाले, आणि एका पहाटे तोराकिची अंथरुणात नव्हता. कियोनोला तो बसथांब्यावर सापडला. पाठीशी गाठोडे, पायात रबरी बूट, अंगात नुसता सदरा.

“अहो, कुठे निघालात?”

“कोठारात. उशीर झाला.”

“तुमचं काम सुटलं. घड्याळ नाही का दिलं त्यांनी?”

“घड्याळ बघूनच तर निघालो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. एकदा बसथांबा ओलांडून पुढे चालत राहिला आणि संध्याकाळी पोलिसांनी त्याला निळ्या ओठांनी घरी आणले. नगर कार्यालयाने कियोनोला एक रंगीत पुस्तिका दिली. वृद्धांशी हसतमुखाने बोला, असे तीत लिहिले होते. हसतमुखाने बोलल्यावर बर्फात निघालेला माणूस कसा थांबतो, ते लिहायला बहुधा जागा पुरली नसावी.

तो थांबला, पण पुस्तिकेमुळे नव्हे. सेंदाईला राहणारी मुलगी मिनाए सुट्टीला आली होती. सकाळी तिने आपल्यासाठी नात्तोची पुडी फोडली, घोटली आणि बोलता बोलता थोडा बापाच्याही भातावर वाढला. साकेच्या कोठारातला माणूस हंगामात या आंबवलेल्या चिकट सोयाबीनला शिवत नाही. त्याचे जंतू भलते चिवट असतात. हाताला, कपड्याला लागून आत जातात आणि साकेसाठी भातावर जपून चढवलेली बुरशी नासवून टाकतात. तोराकिची कापणीच्या दिवसापासून नात्तो सोडत असे, कोणी न सांगता. त्या दिवशी मात्र पुढ्यात आले ते त्याने खाल्ले. मग जेवणाच्या काड्यांना लोंबणारी चिकट तार त्याला दिसली. त्याने काड्या खाली ठेवल्या, उठून दाराशी तयार ठेवलेले बूट परत जागेवर ठेवले आणि गाठोडे सोडले.

“आज नाही जाता यायचं,” तो म्हणाला.

कियोनोला जे हवे होते ते मिळाले. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी त्याच्या भातावर नात्तो वाढू लागली. कधी कांद्याची पात पेरून, कधी कच्चे अंडे फोडून, दिसणार नाही असा. तो खाई, आणि घरी राही. बर्फात मरण्यापासून तिने त्याला वाचवले, याबद्दल कोणाला शंका घेता येणार नाही. पण तो घरी राही म्हणजे कसा, तर कोपऱ्यात, पाठमोरा, गुन्हेगारासारखा. दिवसातून अनेकदा हात धुई. थंड पाण्याने बोटांना भेगा पडल्या, तरी धुई.

“मी खाल्लाच कसा गं? इतकी वर्षं कधी खाल्ला नाही.”

“भूक लागली असेल.”

“वाफेवर भात चढला असेल. पोरं खोळंबली असतील. काय म्हणत असतील मला?”

“काही म्हणत नाहीत. जेवा.”

मिनाएने हे पाहिले तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली, “आई, हे बरं नाही. रडतात ते.”

“रडतात, पण उबेत रडतात. तुला पटत नसेल तर ये तू थांब्यावर उभी राहायला.”

“त्यापेक्षा एकदा त्यांना तिथे घेऊनच जाऊ. बघतील, हात लावतील, काम नीट चाललंय हे कळेल. मन शांत होईल. आता कोणालाही आत सोडतात. बायकांनासुद्धा.”

“तिकीट काढून?”

“फुकट. शेवटी घोटभर चव देतात आणि बाटली गळ्यात मारतात.”

कियोनो हसली नाही. पण त्या रात्रीपासून तिने नात्तो घरात आणणे बंद केले, आणि मिनाए रजा काढून पुन्हा येईपर्यंत ती स्वतः दाराला पाठ लावून झोपली.

प्रवासात तोराकिचीने डबीतले, आत खारवलेले आंबट फळ घातलेले भाताचे गोळे खाल्ले. गाडी ऐझूच्या खोऱ्यात उतरली, आणि त्याची मान सरळ झाली. स्टेशनाबाहेर पडताच वाफवलेल्या तांदळाचा वास आला. तो दोघींच्या पुढे चालू लागला, एकही वळण न चुकता. पांढऱ्या गिलाव्याच्या उंच भिंतींपाशी तो थबकला आणि मागे वळून त्याने कियोनोकडे पाहिले. कित्येक महिन्यांत प्रथमच, तिला ओळखून पाहिले.

“तू इथवर कधी आली नव्हतीस.”

“बोलावलं होतं कोणी?”

“तेही खरंच.” तो किंचित हसला. “आत पायरी उंच आहे, सांभाळ. तुला एक ऐकवतो. आंबवण जोरात असलं की पिंपातून आवाज येतो, पाऊस पडल्यासारखा. दर वर्षी वाटायचं, हिला ऐकवावं.”

दर वर्षी वाटायचे, हे तो इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता. कियोनोने खाली पाहिले आणि विनाकारण आपल्या पिशवीचा बंद घट्ट केला.

दाराशी निळा कोट घातलेली एक तरुण मुलगी पाहुण्यांची रांग लावत होती. “सगळ्यांचं स्वागत आहे. आत जाण्याआधी एवढंच विचारते, आज कोणी नात्तो खाल्ला नाही ना?”

लोक हसले. “माझ्या बायकोने खाल्लाय,” एक जाडा गृहस्थ म्हणाला, “तिला बाहेर ठेवा, मी निवांत पितो.” त्याच्या बायकोने त्याला कोपर मारले. हशा पुन्हा उसळला.

तोराकिची रांगेतून बाहेर आला. त्याने टोपी काढली आणि कंबरेत वाकून नमस्कार केला.

“मी खाल्ला आहे.”

“नाही हो,” कियोनो घाईने म्हणाली, “नाही खाल्लेला. भाताचे गोळे खाल्ले त्यांनी गाडीत.”

“आजोबा, काही हरकत नाही,” मुलगी गोड बोलली. “हात धुवा, टोपी देते मी. चालतं तेवढ्याने.”

“चालतं, असं कोणी शिकवलं तुला?”

आवाज मोठा नव्हता. पण मुलीचे हसू विरले आणि ती नकळत सावरून उभी राहिली. तिच्या मागच्या भिंतीवर याच माणसाच्या काळातली लाकडी अवजारे काचेआड मांडलेली होती. तिने त्याला ओळखावे, अशी सोय त्या मांडणीत नव्हती.

“मी रोज खातो,” तोराकिची तिला म्हणाला. “का खातो ते कळत नाही. पण खातो.”

मग तो चालत जाऊन अंगणाच्या दूरच्या टोकाला बाकावर बसला. वारा कोठाराकडून त्याच्याकडे येईल, त्याच्याकडून कोठाराकडे जाणार नाही, अशा बाजूला. कियोनो त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. भोवती लोक होते, तरी बसली.

“मी वाढत होते तुम्हाला. मुद्दाम. तुम्ही बर्फात जाऊ नये म्हणून. आज वाढला नाही, कितीतरी दिवसांत वाढला नाही. उठा.”

त्याने तिच्या खांद्यावर भेगाळलेला हात ठेवला. “माझा दोष अंगावर घेऊ नकोस. तू जा. ऐकून ये. पोरगी बसेल माझ्याजवळ.”

ती गेली. जाणे भाग होते. त्याने पाठवले होते. निळ्या कोटातली मुलगी पाठ केलेले बोलत होती. पूर्वी कारागीर दूरच्या गावांहून येत, सगळा हिवाळा इथेच राहत, एका कुटुंबासारखे. ‘एका कुटुंबासारखे’ हे शब्द तिने दोनदा उच्चारले. जाड्या गृहस्थाने मान डोलावली. कियोनो पायरी सांभाळून चढली आणि पिंपावर वाकली. त्या आवाजाचा तिरस्कार करायची तिची तयारी होती. पण खरोखरच पाऊस पडत होता. आत खोल, पांढऱ्या फेसाखाली, बारीक आणि न संपणारा. तो सुंदर होता, हे तिला कोणाला क्षमा न करता मान्य करावे लागले.

ती बाहेर आली तेव्हा तोराकिची वाट पाहत होता.

“ऐकलास?”

“ऐकला.”

“मोठा होता की बारीक?”

“बारीक.”

“म्हणजे आंबवण उतरतंय. गाळायला आलं.” त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “झालं म्हणजे. माझ्यावाचून झालं.”

परतीच्या प्रवासात त्याने कोणालाच ओळखले नाही. त्यानंतर हिवाळाभर तो कोठेही गेला नाही. नात्तो घरात नव्हता, कोणी वाढत नव्हते. तरी सकाळी उठून तो आधी हात धुई आणि कोपऱ्यात बसे. नगर कार्यालयाची बाई पाहणीला आली आणि भटकणे थांबले, प्रगती उत्तम, असे लिहून गेली.

माघाच्या थंडीत एका सकाळी कियोनोने स्वतःच त्याचे गाठोडे बांधले. जाड कोट चढवला, गळ्याला लोकर गुंडाळली, बूट पायांशी आणून ठेवले.

“बस यायची वेळ झाली,” ती म्हणाली. “जा तुम्ही. मी येते सोबत थांब्यापर्यंत. हवं तर पुढेही येते.”

त्याने बुटांकडे पाहिले, मग तिच्याकडे, एखाद्या परक्या बाईने आपल्यासाठी उगाच त्रास घेतला असावा तसे. आणि मान हलवली.

“आज नको,” तो म्हणाला. “आज खाल्लाय मी.”

त्याच्यापुढे भाताची वाटी तशीच भरलेली होती. अजून त्याने तिला हात लावला नव्हता.