दोन रॉडच्या मधला आवाज

सुदाममामा गेले तेव्हा त्यांचं मशीन चालू होतं. गेले काही आठवडे मी हा लेख मनातल्या मनात सुरू करून पाहते आहे आणि दरवेळी हेच वाक्य आधी येतं. मामा मुखेडच्या बाजारात वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट आणायला गेले होते. दुकानाच्या पायरीवर जरा बसतो म्हणाले आणि तिथेच कलंडले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन मात्र तसंच सुरू राहिलं... जुनं, थंड राहायला आत तेल भरलेलं वेल्डिंग मशीन. मेन स्विच वर केला की काम चालू असो वा नसो, ते घुं असा एकसुरी आवाज करत बसायचं. त्या दिवशी मी त्या घरात होते आणि तो आवाज ऐकत होते. अजूनही हॉस्टेलच्या खोलीत पंखा बंद झाला की कधी कधी तो ऐकू आल्यासारखा वाटतो. खरा नसतो, हे मला कळतं. तरी मी थोडा वेळ थांबते.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून पुढच्या शिक्षणासाठी मी त्यांच्याकडे राहिले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आता नांदेडला बी.ए. करते. मामांनी तरुणपणी लातूरला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम केलं होतं. तो बंद पडला तेव्हा तिथलं हे मशीन त्यांनी मुखेडला आणलं, आणि मग आयुष्यभर त्या शेडमध्ये कोळपी, ट्रॉल्यांचे हुक, खिडक्यांच्या जाळ्या, पाळणे असं काय काय जोडत राहिले. मला अभ्यासाला त्यांनी लोखंडी टेबल करून दिलं. त्याचा एक पाय आखूड झाला. "डुगडुगतंय मामा," असं मी म्हटलं तर म्हणाले, "बरंय की. वाचता वाचता झोप लागणार न्हाई तुला." दहावी-बारावीचा सगळा अभ्यास मी त्या डुगडुगत्या टेबलावर, मागचा आवाज ऐकत केला.

आवाज दोन असायचे, हे सांगायला हवं. रॉड लोखंडाला लागला की चर्र असा, कढईत काही सोडल्यासारखा. आणि रॉड संपून मामांनी तो पकडायचा होल्डर बाजूला धरला की मागे उरायचा तो नुसता घुं. त्या मधल्या वेळात मामा नवा रॉड लावायचे, जोडावरची काळी खपली हातोडीने ठोकून काढायचे, किंवा कमरेवर हात ठेवून उगाच उभे राहायचे. मग पुन्हा चर्र. दिवसाचं काम संपलं, स्विच खाली आला, की सगळं एकदम गप्प व्हायचं. त्यानंतर मागच्या दारात चपला, मोरीत हातपाय धुतल्याचं पाणी, आणि "चहा झाला का?" मामी स्वयंपाकघरात बसून हे सगळं ऐकायची... ऐकायची असंही म्हणता येणार नाही, तिला ते आपोआप कळायचं. शेडमध्ये डोकवायची तिला कधी गरज पडली नाही. भाकरी थापता थापता म्हणायची, "आता दम घेऊन राहिलेत." आणि थोड्या वेळात चर्र सुरू व्हायचं.

मामांचा मुलगा विकासदादा हेच काम करतो, पण लोकांच्या घरी, बांधकामांवर जाऊन. मागे त्याने इन्व्हर्टरचं नवं मशीन घेतलं, पट्ट्याने खांद्याला अडकवून नेता येणारं. मामांनी ते एका हाताने उचलून पाहिलं.

"मशीन आणलंस का जेवणाचा डबा?"

"डबाच हाय बाबा. पण तुमच्यापरीस साफ जोडतो."

"जोडत न्हाई त्यो, चिकटवतो."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं मशीन हलवायचं म्हणलं तर चार खांदेकरी लागत्यात."

मामी हसली, मी हसले, मामा तर सगळ्यांत जास्त हसले. पुढे कितीतरी दिवस कुणी मशीन बघायला आलं की ते स्वतःच सांगायचे, आमच्या ह्याला चार खांदेकरी लागतात. आता ते वाक्य घरात कुणी काढत नाही.

विकासदादाचं म्हणणं खोटं नव्हतं. नव्या मशीनला वीज कमी लागते, पातळ पत्र्याला भोक पडत नाही, आवाज तर जवळजवळ नाहीच. अशी जुनी मशीनं घरच्या शेडमध्ये अजून ठेवावीत का, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगणार... माझा तो विषय नाही. मामा सांगायचे की गंजलेलं, जाड लोखंड ह्याच्यावरच नीट बसतं, आणि लाईट खालीवर झाली तरी नव्यासारखं ह्याचं आतलं सर्किटचं कार्ड उडत नाही, कारण ह्याला कार्डच नाही. पण हेही खरं की अलीकडे त्यांच्याकडे येणारी माणसं कमी झाली होती. काम नसलं तरी मामा दुपारी शेडमध्ये जाऊन स्विच वर करायचे आणि जुनी एखादी पट्टी घेऊन काहीतरी जोडत बसायचे.

त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मी मुखेडला आले होते. दुपार कलली होती. वहिनी लेकीला, लहानग्या परीला, घेऊन माहेरी गेली होती. मामी सुपात तुरीची डाळ निवडत होती, मी समोर बसले होते. विकासदादाचा फोन आला. "आई जवळ हाय का? तू जरा भाईर ये." मी ओट्यावर गेले. त्याने सांगितलं. दवाखान्यात नेलं होतं, पण नेण्याआधीच सगळं संपलं होतं. "आईला आत्ता सांगू नको. मी घेऊन येलालो त्यांना. मी आल्याबिगर सांगू नको," एवढं बोलून त्याला पुढे बोलता येईना. फोन बंद झाला आणि मागून मशीनचा आवाज आला. मामा मागच्या फाटकातून गेले होते. रॉड संपले असतील, लगेच परतायचं म्हणून स्विच तसाच ठेवला असेल, मामीलाही सांगितलं नसेल.

मी आत येऊन पुन्हा सुपासमोर बसले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

"आज लई येळ दम घेऊन राहिलेत तुझे मामा," मामी म्हणाली.

मी डाळीत हात घातला.

"वय झालं आता. बसून करा म्हणलं तर बसत न्हाईत." मग मागच्या दाराकडे तोंड करून तिने जरा मोठ्याने म्हटलं, "अवो, बसा की घडीभर खाली." मागून घुं येत राहिला. तिचं समाधान झालं असावं, कारण ती पुन्हा डाळीकडे वळली आणि माझ्या आईची, गावाकडची चौकशी करू लागली. मी उत्तरं दिली. काय दिली ते आठवत नाही. मी खडे शोधत होते आणि मला एकही दिसत नव्हता.

संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. अंगणात जागा करायला काही माणसं मागच्या फाटकाने पुढे आली, आणि त्यांतल्या कुणीतरी, बहुतेक शेजारच्यांनी, मशीन चालू दिसलं म्हणून स्विच खाली केला. आवाज थांबला. मामीने मान वर केली. "झालं वाटतं ह्यांचं," ती म्हणाली, आणि उठून तिने गॅसवर चहाचं पाणी ठेवलं. "तू घेतीस का घोटभर?" पाण्याला उकळी यायच्या आत माणसं ओट्यावर आली होती.

जलदान विधी झाला. पाहुणे पांगले, मी नांदेडला परतले. मग एक दिवस विकासदादाचा फोन आला. "आई मशीन चालू करून ठेवती," तो म्हणाला. मला आधी कळलंच नाही. रोज दुपारी मामी शेडमध्ये जायची, स्विच वर करायची आणि स्वयंपाकघरात येऊन आपल्या कामाला लागायची. संध्याकाळी कामावरून आला की दादा तो बंद करायचा. ती त्याला अडवायची नाही, पण त्या रात्री जेवायची नाही. शेजाऱ्यांना आधी वाटलं विकासच काम करतोय. खरं कळल्यावर गल्लीतल्या बायका मागच्या बाजूने जायच्या बंद झाल्या. दादाला त्याचं काही नव्हतं. त्याला भीती होती ती परीची. एकदा ती त्या मशीनच्या थरथरत्या पत्र्याला गाल लावून बसलेली सापडली होती. वर खिळ्याला होल्डर लोंबत होता, आणि स्विच वर असला की होल्डरच्या टोकाला करंट असतोच. "उद्या लेकराचा हात लागला तर मी काय करू?" तो म्हणाला. "भंगारवाला विचारून गेलाय. तू समजाव तिला. तू शिकलेली हायेस, तुझं ऐकंल." शिकलेली असण्याचा इथे काय उपयोग ते मला समजेना, पण मी गेले.

मी बसमध्ये वाक्यं तयार केली होती. घरात पाऊल टाकलं तेव्हा आवाज चालूच होता. परी ओट्यावर वहिनीच्या मांडीत होती. मामी चुलत्या-मावश्यांची खुशाली विचारावी तशी माझ्याशी बोलली, पाणी दिलं. मी परीचं नाव काढताच म्हणाली, "मला कळतंय पोरी. परवापासून मी होल्डर वर माळ्यावर फेकून ठेवते." जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला वाटलालंय मी येडी झाले. मी येडी न्हाई. ते गेलेत, मला ठावं हाय. मीच डोळं झाकलेत त्यांचे."

मागून घुं येत होता.

"समदे म्हणतेत ते दुपारी गेले. कागदावर बी दुपारच हाय. पण मला तर ते मागं दम घेऊन राहिले होते ना. मी बोलले बी त्यांच्याशी, तू होतीस की. माझे ते सांजच्याला गेले. कुणी बटण खाली केलं तवा." तिने पदराने गॅसचा ओटा पुसला, पुसलेलाच होता तरी. "तेवढाच येळ मी रोज थोडा वाढवून घेते. दुसरं काय करते?"

माझी बसमधली वाक्यं तशीच राहिली. लिहायला संकोच वाटतो, पण त्या वेळी मीसुद्धा मागच्या दाराकडे पाहिलं. आता खपली ठोकल्याचा आवाज येईल, मग चर्र होईल, असं मला अगदी खरं वाटलं. माझ्या मानेवर काटा आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं. तिला मी हे सांगितलं नाही. तिने बहुतेक ओळखलं.

बऱ्याच वेळाने तिनेच विचारलं, "भंगारवाला काय करतो त्याचं?"

"फोडतो. आतलं तांबं काढून घेतो."

"मग न्हाई." बाहेर परी कशासाठी तरी हट्ट करत होती. "कुणी चालवणार असंल तर दे म्हणावं विकासला."

दादाने ओळखीच्या लोकांना फोन केले. हदगावकडचे एक शेतकरी निघाले. घरच्या शेडमध्ये आपली अवजारं आपणच दुरुस्त करणारे, गावातल्या लाईटीने नव्या मशीनची कार्डं उडून बेजार झालेले. त्यांना असंच जुनं हवं होतं. ते टेम्पो घेऊन आले. आदल्या दिवशी दादाने कुणी न सांगता ते मशीन रॉकेलच्या बोळ्याने पुसून ठेवलं होतं. उचलायला तो, ते शेतकरी, टेम्पोवाला आणि शेजारचे काका लागले. शेडच्या दारात आल्यावर दादा म्हणाला, "जरा थांबा," आणि मशीन खाली टेकवून तो पाठ फिरवून उभा राहिला. मग चौघांनी पुन्हा उचललं.

"मी बी येते," मामी म्हणाली. इतक्या लांब कशाला, असं दादा म्हणाला नाही. ती केबिनमध्ये बसली, मी आणि दादा मागे.

त्यांचं शेड घराला लागूनच होतं. जोडणी होईपर्यंत मामी बाजेवर बसून होती. त्या शेतकऱ्यांची बायको माझ्याहून फार मोठी नसेल. तिने पाणी दिलं, वावरातल्या हरभऱ्याचा टहाळ पुढे ठेवला. मग स्विच वर झाला आणि त्या परक्या अंगणात तोच आवाज भरला. मी मामीकडे पाहू शकले नाही. त्या शेतकऱ्यांनी रॉड लावला, कोळप्याची एक तुटकी फास, म्हणजे खालचं पातं, जोडायला घेतली. चर्र झालं. रॉड संपला. घुं. ते घाम पुसत उभे राहिले.

मामीने त्या बाईला हाताने जवळ बोलावलं.

"बाई, एक ध्यानात ठेव. मशीन चालू ठेवून भाईर जाऊ दिऊ नको त्यांना. कुठं बी जायचं असू दे, बटण खाली करून जा म्हणायचं."

ती बाई हसली. "हाव मावशी. बिल लई येतं का ह्याचं?"

मामीने तिच्याकडे नीट पाहिलं. शेडमध्ये पुन्हा चर्र सुरू झालं होतं.

"हाव," मामी म्हणाली. "लई येतं."