घेतली म्हणा आधी

आमच्या मामाच्या हातून चहाचा कप घेणं म्हणजे एक परीक्षाच. तुम्ही कप धरता, तोही धरूनच ठेवतो आणि विचारतो, "घेतला?" तुम्ही "घेतला" म्हटल्याशिवाय सोडायचं नाव नाही! चाळीस वर्षं काचेच्या दुकानात मोठमोठ्या काचा उचलण्यात गेलेली. तिथला नियमच तो. समोरच्याने तोंडाने "घेतली" म्हटल्याशिवाय बोटं ढिली करायची नाहीत. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मामाने मला आपल्या एका खोलीच्या घरात आणलं. रस्ता ओलांडताना माझं मनगट असं काही धरायचा की वळ उठायचे.

तर माझ्या लेकीचा बाप्तिस्मा ठरला आणि मी जाहीर करून टाकलं, बाळाला पाळकांच्या हाती देणारा धर्मपिता मामाच होणार. झालं! घरात एकच गहजब. सासूबाईंना त्यांचे धाकटे भाऊ हवे होते, कारण ते चर्चमध्ये मोठ्याने स्तोत्रं म्हणतात. म्हणतात कसली, बेंबीच्या देठापासून ओरडतात. पाळकसाहेबही सासूबाईंच्याच बाजूचे.

"धर्मपिता भक्तिमान हवा, मुली," ते मला म्हणाले. "तुझा मामा प्रार्थनेत डोळेसुद्धा मिटत नाही. खिडक्यांकडे बघत बसतो."

"त्या खिडक्यांच्या काचा त्यानेच बसवल्यात!"

"आणि एरवी रविवारी असतो कुठे?"

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून त्यांच्या दर्शनी काचा रविवारीच बदलाव्या लागतात, हे मी सांगून पाहिलं. शेवटी चक्क भोकाड पसरलं. मला लहानाचं मोठं केलं त्याने, आणि माझ्या मुलीला हातात घ्यायला तो नालायक? पाळकसाहेब गडबडले. बरं, बरं म्हणाले, पण काही घोटाळा झालाच तर सासूबाईंचे भाऊ पहिल्या बाकावर तयार असतील.

आता खरी गंमत अशी की मामाने जन्मात तान्हं मूल उचललं नव्हतं. आठवडाभर आमच्या घरी सराव चालला. पहिल्याच दिवशी त्याने पिटुकलीला दोन्ही बाजूंनी धरून सरळ उभं केलं.

"अरे मामा, आडवी धर तिला!"

"आडवी? आडवी धरली की मधोमध तडकते."

हसून हसून माझे बाळंतपणाचे टाके दुखायला लागले. सासूबाईंनासुद्धा पदर तोंडाला लावावा लागला, पण ते त्या कबूल करणार नाहीत.

रविवारी मामा नवाकोरा शर्ट घालून, पिटुकलीला अगदी बरोब्बर आडवं धरून पुढे गेला. पाळकसाहेबांनी हात पुढे केले. मामाने तिला त्यांच्या हातांवर ठेवलं, पण स्वतःचे हात काही काढेना.

"घेतली?" त्याने विचारलं.

पाळकसाहेबांनी हसून मान डोलावली. मामा ढिम्म. त्यांनी हळूच ओढून पाहिलं. मामाने धरून ठेवलं.

"मान हलवून चालत नाही, साहेब. घेतली म्हणा आधी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग काय, अख्खं चर्च खो खो! सासूबाईंचे भाऊ कोट सावरत उठलेसुद्धा. मेले, म्हटलं, संपलं सगळं.

"बसा तुम्ही," पाळकसाहेब त्यांना म्हणाले. ते मामाच्या बोटांकडे बघत होते. जुन्या कापल्याच्या खुणांनी भरलेली बोटं ती. मग लोकांकडे वळून बोलले, "मंदिरात बाळ येशूला हातांवर घेणारा म्हातारा शिमोन आठवतो ना? शास्त्र त्याला भक्तिमान म्हणतं. मूळ ग्रीक शब्द आहे, युलाबेस. त्याच्या मुळाशी अर्थ आहे, नीट धरणारा, जपून घेणारा. तीस वर्षं मी हा शब्द शिकवतोय. माणूस मात्र आज पाहिला."

आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "घेतली!"

तेव्हा कुठे मामाने हात काढले.

पाणी पडलं, पिटुकलीने टाहो फोडला. पाळकसाहेबांनी तिला परत मामाच्या हातांवर ठेवलं, आपले हात तिच्याखाली तसेच ठेवून. विचारलं, "घेतली?"

मामाने तोंड उघडलं. शब्दच फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी तर बाकावरच हसत होते की रडत होते, देवालाच ठाऊक.

"सावकाश होऊ द्या," पाळकसाहेब म्हणाले. "मी धरलीय."