इंद्रजितला हरवणारा माणूस

कृष्णकांत वाघचौरेची ओळख करून देताना लोकांना एकच वाक्य पुरायचं. "ह्यांनी इंद्रजित शेडगेला पाडलं होतं." मराठी मंडळाच्या गणपतीत हेच, हवाई दलातल्या जुन्या मित्रांच्या जेवणात हेच. उत्तरेत मुल्लानपूरला फ्लॅट घेतला, तर सोसायटीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी ते हिंदीतून सांगून टाकलं.

गोष्ट खरी होती. तीसेक वर्षांपूर्वी, सेनादलांच्या बॉक्सिंग स्पर्धेत, हेवीवेट गटात ही झुंज झाली. इंद्रजित साताऱ्याकडचा, लष्करातला, आणि त्या वर्षी देशाचा विजेता. कृष्णकांत श्रीगोंद्याचा, हवाई दलात इंजिन फिटर. त्याचं नाव त्याच्या तळाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या फेरीत कृष्णकांतचा डावा हात आडवा फिरला आणि इंद्रजितच्या जबड्यावर बसला. तो धिप्पाड गडी गुडघ्यांवर आला, तो रेफरीचे दहा आकडे संपेपर्यंत उठलाच नाही.

पुढच्या सामन्यात कृष्णकांत गुणांवर हरला. ते सगळे विसरले. इंद्रजितचं मात्र कुणी काही विसरलं नाही. वर्षभरात तो पुन्हा विजेता झाला, मग एका पोरसवदा खेळाडूकडून मार खाऊन बसला, मग पुन्हा जिंकला आणि परदेशातल्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी बाहेर पडला. कारकीर्द संपली ती अशीच, वर-खाली होत.

गेल्या हिवाळ्यात कर्नल जयंत देवधरांनी कृष्णकांतला बोलावून घेतलं. निवृत्तीनंतर त्यांनी मुल्लानपूरच्या कडेला, शेतं संपून इमारती सुरू होतात तिथं, मुलामुलींसाठी क्रीडा प्रबोधिनी काढली होती. बॉक्सिंगचा नवा हॉल बांधून होत आला होता आणि त्याला इंद्रजितचं नाव द्यावं असं काहीजणांच्या मनात होतं. इंद्रजित जवळच, पिंजौरला राहत होता. कर्नलना ते पटत नव्हतं.

"गुणी होता, पण भरवशाचा नव्हता," ते म्हणाले. "वाघचौरे, वाईट वाटून घेऊ नका, पण जो तुमच्याकडून हरतो, त्याचं नाव हॉलला कसं द्यायचं? तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिलेले आहात. तुमचं मत सांगा."

कृष्णकांतला वाईट वाटलंच. विचार करून सांगतो म्हणाला आणि घरी आला. त्याची मुलगी हिमानी इकडे उत्तरेतच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पापा, अगर वो बड़े बॉक्सर नहीं थे, तो आपने हराया किसको?"

हा हिशेब त्याच्या मनात इतकी वर्षं कधी आला नव्हता. इंद्रजितला लहान ठरवलं, तर आपल्या त्या एका ठोशालाही किंमत उरत नाही. मोठा म्हणावं, तर ते इंद्रजितसाठी म्हणतोय की स्वतःसाठी, हे आपलं आपल्यालाच कळेना. दोन दिवस तो घरात चिडचिड करत राहिला आणि मग सरळ पिंजौरची बस पकडली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत इंद्रजितचं घर होतं. दार त्याची बायको चारुशीला हिनं उघडलं. इंद्रजित अंगणात उन्हात बसला होता. खांदे अजून तेवढेच रुंद, पण हात कापत होते. चारुशीलानं त्याला चहा दिला तोही अर्धाच कप भरून.

"वाघचौरे!" त्यानं लगेच ओळखलं. "डाव्या हाताचा."

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर कृष्णकांतनं हॉलचं सांगितलं, आणि मग जे विचारायला आला होता ते विचारलं. "खरं सांगा. त्या दिवशी तुमची तब्येत बरी नव्हती का?"

"ठणठणीत होती. पण तयारी नव्हती. समोर नाव असलेला माणूस असला की मी महिनाभर घाम गाळायचो. तुझं नाव तक्त्यावर वाचलं आणि जेवायला गेलो."

कृष्णकांतचा चेहरा पडला. इंद्रजितनं ते बघितलं असावं.

"ठोसा मात्र खरा होता रे. येताना दिसला मला. दिसूनही चुकवता आला नाही. माझा आळस आणि तुझा हात, दोन्ही खरं. आता त्यातलं कुणाला काय घ्यायचं ते घेऊ दे."

"हरून घरी यायचे ना," चारुशीला म्हणाली, "तेव्हा वाटायचं, संपलं आता. लोक दारात येऊन तसं बोलूनही जायचे. आठवडाभर हे तोंड लपवायचे. मग एका सकाळी उठून बघावं, तर खुंटीवरचे ग्लोव्ह्ज गायब. दर वेळी असंच. तुम्ही पुढं किती खेळलात, भाऊजी?"

"नाही खेळलो. त्या स्पर्धेनंतर थांबलो."

"का?"

या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं होतं: खांदा दुखावला होता. ते आज तोंडून निघेना. खांद्याला तसं काहीच झालं नव्हतं. इंद्रजितला पाडल्यावर आणखी हरायची त्याची तयारी नव्हती, एवढंच. "जमलं नाही," असं काहीतरी तो पुटपुटला. चारुशीला चिवडा आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो कर्नलांकडे गेला.

"नाव द्या," तो म्हणाला. "माझ्यासारखा एकदा जिंकून घरी बसला. तो हरून पुन्हा रिंगमध्ये यायचा, सगळे हसत असताना. मुलांना यातलं काय शिकवायचंय ते तुम्ही ठरवा, साहेब."

कर्नलना ते पटलं नसावं, निदान पूर्ण नसावं. शेवटी हॉलला नाव मिळालं ते जमीन देणाऱ्या सरदारजींच्या वडिलांचं, आणि त्यावर कुणाला बोलायला जागाच नव्हती. पण कर्नलांनी एक केलं. दर रविवारी शिकवायला यावं म्हणून स्वतः पिंजौरला जाऊन इंद्रजितला विचारून आले.

इंद्रजित आला. सलग दोन रविवार आला, मुलींच्या गटाला पाय कसे हलवायचे ते दाखवलं, सगळ्यांना जिंकून घेतलं. मग आलाच नाही. फोन केला तर उचलेना. कर्नल म्हणाले, "बघा, सांगितलं नव्हतं?"

फेब्रुवारीत एका रविवारी प्रबोधिनीच्या फाटकाशी रिक्षा थांबली. इंद्रजित चारुशीलाच्या खांद्याला धरून उतरला, कुणाला काही कारण सांगितलं नाही, आणि हॉलमध्ये शिरताच ओरडला, "हनुवटी खाली! किती वेळा सांगायचं?" कापऱ्या हातात ठोसे झेलायचे पॅड नीट बसेनात, म्हणून त्यानं कृष्णकांतला पुढं बोलावलं. कृष्णकांतनं पॅड चढवले आणि तो सांगेल तिथं हात धरून उभा राहिला.